पाठीमागची काठी

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
ता. २१ जून १९९९

तीर्थरूप अण्णांस,

शि. सा. न. साष्टांग घालण्याइतकी पाठ आता वाकत नाही, तेव्हा कोपरापासूनच नमस्कार समजावा. काल तुमच्याकडून न जेवता निघून आले, त्याचा तुम्हांला राग आला असेल. येऊ दे. मला तुमच्याहून जास्त आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

फोन करणार नव्हते. तुमचा फोन म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याचा. तिथे तुम्ही हं, बरं, ठेव एवढंच बोलता आणि खरंच ठेवता. म्हणून पत्र. एकाच तालुक्यात राहून सख्ख्या भावाला टपालाने पत्र पाठवणारी मी एकटीच असेन. पोस्टातला माणूस पत्ता वाचून हसला.

काल मी दारात चप्पल काढत होते तेव्हा अनुष्का दिसली. दहा वर्षांची पोर. पाठीमागून काठी घातलेली, दोन्ही कोपरांत अडकवलेली, मनगटं पुढे पोटाशी सुतळीने बांधलेली, आणि भिंतीशी उभी राहून तेराचा पाढा म्हणत होती. मला पाहून हसली, पण मान वळवली नाही. सगळं अंग वळवून हसली. अण्णा, मी चौकट धरली. काठीच्या टोकाला तांब्याची कडी आहे, ती मी लांबून ओळखली. साठ सालापासून पासष्टपर्यंत, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, तीच काठी माझ्या कोपरांत होती.

मे महिन्यात काय झालं ते तुम्हांला सांगितलं नव्हतं. आता सांगते. अर्नाळ्याची फिलोमिना आमच्या मजल्यावर मासळी घेऊन येते. विकून झालं की पाटी परत डोक्यावर चढवायला गिऱ्हाइकाने हात लावायचा असा तिचा रिवाज आहे. जो हात लावत नाही, त्याच्या दाराशी ती परत बसत नाही. मी हात लावला. तुम्ही शिकवलात तसा: छाती पुढे, पोट आत, गुडघे ताठ, श्वास रोखून. कमरेत अशी कळ आली की पाटी सुटली. सुरमई, मांदेली, बर्फाचं पाणी, सगळं जिन्यावरून खालच्या मजल्यावर, आणि तिथले लोक कांदासुद्धा खात नाहीत! फिलोमिना आधी मासळीसाठी ओरडली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली की बाय, तू उबी ऱ्हातेस का तुला कोनी खुंटीला टांगलीय.

डॉक्टरने पट्टा दिला, त्याने काही झालं नाही. वसईच्या एका दवाखान्यात रिटा नावाची मुलगी व्यायाम शिकवते, तिच्याकडे गेले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हे तुमचं कुणी केलं म्हणून विचारलं. आजाराचं नाव नाही विचारलं, माणसाचं विचारलं. तिने सांगितलं की पंधरा दिवस काही सुधारायचं नाही, ताठ बसायचं नाही, नुसतं बघायचं. उठताना मी काय करते, भांडं उचलताना काय करते, कुणी हाक मारली की काय करते. आणि दुपारी जमिनीवर उताणं पडायचं, गुडघे वर, डोक्याखाली टेलिफोनची डिरेक्टरी, वीस मिनिटं. तेवढं चाललं आहे.

माझं जे व्हायचं ते झालं. अनुष्काचं होऊ देणार नाही. विघ्नेश आणि सूनबाई मस्कतला नोकरी करतात, पोर तुमच्या भरवशावर ठेवली आहे, म्हणून तुम्हांला काहीही करायची मुभा नाही. ती काठी खाली ठेवा. नाही ठेवलीत तर मी विघ्नेशला कळवीन.

लोभ नसला तरी चालेल, उत्तर असावं.

आशा


कामण, ता. वसई
ता. २६ जून १९९९

चि. आशालता हिस,

अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले आहेत, जास्त अर्थ काढू नये.

तुझे पत्र दोनदा वाचले. शुद्धलेखन उत्तम आहे, ते मीच शिकवले. बाकी सर्व कचरा.

मी चौतीस वर्षे हायस्कुलात कवायत शिकवली. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज फौजेत आहेत, पोलिसांत आहेत. त्यांतल्या एकानेही आपली पाठ मी बिघडवली असे पत्र लिहिलेले नाही. तू नऊ वर्षांची पोर कुबड काढून चालायचीस. शेजारच्या बायका आईला विचारायच्या की हिच्याशी लग्न कोण करणार. लग्न तू केले नाहीस तो तुझा प्रश्न, पण कुबड गेले ते माझ्यामुळे. नोकरीच्या मुलाखतीत साहेबाने तुला एन.सी.सी.त होतीस का म्हणून विचारले, हे पेढ्यांचा पुडा घेऊन मला सांगायला कोण आले होते? तेव्हा पाठ दुखत नव्हती वाटते.

तात्या गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि मी सोळा. तात्यांची शिस्त तू पाहिली नाहीस, नशीब समज. मी तुला त्याच्या चौथ्या हिश्शानेही वागवले नाही. माझ्या घासातला घास दिला, शिकवले, उभी केली. उभी केली याचा अर्थ नीट उभी केली. आता कोणी वीस-बावीस वर्षांची पोरगी तुला पाठीवर हात फिरवून सांगते आणि तुला साक्षात्कार होतो. डोक्याखाली डिरेक्टरी घेऊन जमिनीवर पडणे याला व्यायाम म्हणत नाहीत. लोळणे म्हणतात.

इथे पावसाळा लागला की चिंचोटीच्या धबधब्याला जाणारी टोळकी सकाळपासून दारावरून जातात. एकाचीही पाठ सरळ नाही. मान खांद्यांत, खांदे पोटात. रस्ता विचारायला थांबतात तेव्हा मी त्यांना आधी सरळ उभे राहायला सांगतो. माझी नात त्या कळपात जाणार नाही. पंधरा ऑगस्टला शाळेच्या संचलनात अनुष्का झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालणार आहे. येऊन पाहा आणि मग तोंड उघड.

विघ्नेशला कळवण्याची धमकी मला देऊ नये. तो माझा मुलगा आहे, तोही याच काठीने सरळ झाला आहे.

लोभ पूर्वी होता तेवढा आहे. वाढवण्यासारखे काही तू केलेले नाहीस.

सुधाकर


मनवेलपाडा
ता. ९ जुलै १९९९

ती. अण्णांस,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं.

कुबड होतं, मान्य. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून पुढे वाकायची. चष्मा लागला एकोणिसाव्या वर्षी, नोकरीच्या तपासणीत. तोवर कुणाच्या डोक्यात आलं नाही की पोरीचे डोळे तपासावेत. काठी मात्र लगेच सापडली.

आता तुमच्या त्या लोळण्याबद्दल. कपाटाच्या आरशासमोर खुर्ची आडवी ठेवली आहे. बसायचं आणि उठायचं. पण उठायच्या आधी थांबायचं, आणि उठायचं ठरवल्याबरोबर अंग काय करतं ते बघायचं. अण्णा, मी अजून खुर्ची सोडलेलीही नसते आणि मान मागे गेलेली असते. खांदे वर, जबडा आवळलेला, श्वास बंद. नुसता विचार केला तरी! अठ्ठेचाळीस वर्षं मी या अंगात राहते आणि मला हे माहीत नव्हतं. चार दिवस नुसती बघत राहिले. पाचव्या दिवशी उठायचं ठरवलं, मानेची नेहमीची तयारी सुरू झाली, ती मी होऊ दिली नाही. थांबले. मग कधी उभी राहिले ते मला कळलंच नाही. काही दुखलं नाही, काही कडकडलं नाही. परत खाली बसले आणि रडले. हे तुम्हांला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

मग हे आवळणं केव्हा केव्हा होतं ते बघायला लागले. टाइप करताना होतं. हापिसात साहेब पाठीमागे येऊन उभा राहिला की होतं. सगळ्यात जास्त केव्हा होतं सांगू? मजल्यावर कुणाच्या कोल्हापुरी चपला वाजल्या की. मी पाढे म्हणायची आणि तुम्ही मागे येरझाऱ्या घालायचात. पाठ जरा ढिली पडली की मणक्यावर बोटाच्या पेराचा टोला. चपला थांबल्या की मी श्वास घेणं थांबवायची, कारण आता टोला येणार. साहेबाला जी पाठ एन.सी.सी.ची वाटली ती पाठ ताठ नव्हती, अण्णा. ती घाबरलेली होती. परवा पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं आणि मान मागे गेली. हे पत्र लिहिताना दोनदा उठून जमिनीवर पडून आले आहे.

आणखी एक. वहिनी गेल्या त्याला पाच वर्षं झाली, म्हणून आता सांगायला हरकत नाही. तुम्ही अंघोळीला गेलात की वहिनी माझ्या मनगटांची गाठ सैल करायच्या. तुमचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला की परत आवळायच्या. तुमच्याच घरात, तुमच्याच बायकोने. आता अनुष्काची गाठ सैल करणारं तिथे कुणी नाही, म्हणून मी इतकी तडफडते.

तुम्हांला मला खोटं पाडायचं आहे ना? पाडा. आठ दिवस खुर्चीवर बसा आणि उठा. काही सुधारू नका, फक्त बघा. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठी पाहिल्यात, एकदा स्वतःच्या अंगात काय चालतं ते पाहा. हिंमत असेल तर.

तोवर काठी खाली ठेवा. हे मी दुसऱ्यांदा लिहिते आहे.

माया असेल तर ती त्या पोरीवर करावी, मला नको.

आशा


कामण
ता. २८ जुलै १९९९

चि. आशालता हिस,

आशीर्वाद.

आठ नव्हे, नऊ दिवस केले. तुझे थोतांड पुराव्यानिशी उघडे पाडावे एवढाच हेतू. मी तुझ्यासारखा हवेत बोलत नाही, वही घातली आहे. रोज सकाळी वीस वेळा बसलो आणि उठलो. पहिला, दुसरा दिवस: काही आढळले नाही. तिसरा दिवस: उजवा खांदा डाव्यापेक्षा वर. ही चौतीस वर्षे शिटीची दोरी धरल्याने पडलेली सवय, तिचा भीतीशी संबंध नाही. सहावा दिवस: उठण्यापूर्वी श्वास थांबतो. हे वयामुळे. नववा दिवस: मान. हेही वयामुळे. निष्कर्ष: माणूस म्हातारा होतो. एवढे समजायला आरसा लागत नाही.

तुझ्या वहिनीबद्दल जे लिहिलेस ते शोभणारे नाही. ती माझ्यापासून काही लपवत नसे. माणूस गेले की त्याच्या नावावर काहीही खपवता येते. ती गाठ किती वेळा सैल करत असे, हे मला कळवण्याची गरज नाही.

टोले मारल्याचे मला आठवत नाही.

अनुष्काची तयारी उत्तम चालू आहे. काठीची वेळ आता पाऊण तास केली आहे. तू बोललीस म्हणून नव्हे, झेंडा जड असतो म्हणून. गणपतीला तू इकडे न आलीस तर बरे. पोरीच्या मनात नाही नाही ते भरवशील.

नेहमीप्रमाणे लिहायचे ते इथे लिहिले आहे असे समज.

सुधाकर


मनवेलपाडा
ता. ४ ऑगस्ट १९९९

ती. अण्णांस,

रोज. वहिनी रोज सैल करायच्या.

पाऊण तास केलात! मी तुमच्यापुढे सगळं अंग उघडं करून लिहिलं आणि तुम्ही वेळ वाढवलीत. म्हणजे माझ्या दुखण्याचा सूड तुम्ही त्या पोरीवर काढता. तुम्हांला लाज कशी वाटत नाही? मी लहान होते तेव्हा वाटायचं की तुम्ही कडक आहात. आता वाटतं की तुम्ही भित्रे आहात. वहीत तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी जे दिसलं त्याच्या पुढे तुम्ही पाहायलाच तयार नाही, म्हणून वय वय करता. तुमच्या अंगात माझंच दुखणं बसलंय, अण्णा, आणि ते तुम्हांला दिसलंय.

काल फिलोमिना आली होती. मासेमारी बंद आहे, त्यामुळे सुकट आणि सुके बोंबील. पण पाटी पाटीच असते. मेपासून ती माझ्या दाराशी बसत नव्हती, काल मीच हाक मारली. पाटीला हात लावायच्या आधी थांबले. मान सैल आहे का, श्वास चालू आहे का, एवढं पाहिलं, गुडघे वाकू दिले. पाटी चढली. तिने वळून बघितलंसुद्धा नाही, बोंबलाच्या नावाने ओरडत जिना उतरून गेली. दोन महिने स्वतःकडे बघून माझ्या पदरात एवढं पडलं. तुम्ही हसाल, हसा.

आता नीट वाचा. विघ्नेशला पत्र लिहून झालं आहे. काठी, सुतळी, पाऊण तास, सगळं लिहिलं आहे. तिकीट लावून कपाटावर ठेवलं आहे. रविवारी बावीस तारखेला मी कामणला येते. काठी खुंटीवर दिसली तर अनुष्काचे कपडे भरून तिला विरारला आणीन, ते पत्र वाटेत पेटीत टाकीन आणि तुमचं तोंड पुन्हा पाहणार नाही. तुम्ही मला वाढवलंत हे मी विसरलेले नाही. ते वजा करूनसुद्धा हेच उरतं.

खाली लिहायला आज काही सुचत नाही.

आशा


कामण
ता. १७ ऑगस्ट १९९९

आशालता,

रविवारी येऊ नकोस. विघ्नेशला जे पाठवायचे ते पाठव. तुझी वा कोणाचीही मते ऐकण्याची माझी तयारी नाही. संचलन कसे झाले हे विचारू नये.

सुधाकर


कामण
ता. १९ ऑगस्ट १९९९

प्रिय आशाआजीस,

शि. सा. न. हे कसं लिहायचं ते तुझ्याच पत्रात बघितलं. तुझी सगळी पत्रं आजोबांनी हिशेबाच्या नाही, कवायतीच्या वहीत ठेवली आहेत. मी वाचली. सॉरी. आजोबांनी तुला काही कळवू नको म्हणून सांगितलंय, पण मी कळवते.

झेंडा मला मिळाला नव्हता. जुलैमध्येच सरांनी दुसऱ्या मुलीला दिला. सर म्हणाले की मी कपाट सरकवल्यासारखी चालते आणि माझे हात हलतच नाहीत. मला शेवटच्या रांगेत टाकलं. हे मी आजोबांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काठी एक तास झाली असती. पंधरा ऑगस्टला आजोबा पांढरी टोपी घालून फाटकापाशी सगळ्यात पुढे उभे होते. झेंडा आला तेव्हा त्यांनी सलाम ठोकला आणि मग बघितलं की ती मी नाहीच. सगळ्या रांगा गेल्या, तरी ते मला शोधत होते. मी दिसले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मला वाटलं आता बांधणार. मी आपणहून भिंतीपाशी जाऊन कोपरं मागे केली. आजोबा मागून आले आणि थांबले. मग त्यांनी विचारलं की मी श्वास का धरला. मी सांगितलं, चपला थांबल्या म्हणून. त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि अनवाणी परत आले. मी म्हटलं की तरी मला कळतं. मग ते खुर्चीवर बसून राहिले. मी हात पुढे घेतले तरी ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसत होते आणि उठत होते. आधी ते हे सकाळी दार लावून करायचे, आता दार उघडं होतं. मला म्हणाले की स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, तर तू मागे उभी राहा आणि मान आवळली की आत्ता म्हण. मी आत्ता, आत्ता म्हणत होते. आधी प्रत्येक वेळी म्हणावं लागलं. मग दोनदा नाही लागलं, आणि आजोबा न कण्हता उठले. मला मजा वाटली. मी त्यांना सांगितलं की छान जमलं, तर म्हणाले की तोंड बंद ठेवून काम कर.

मग म्हणाले की खुंटीवरची ती काठी काढ आणि माळ्यावर टाक. मी काढली. माळ्याची शिडी आजोबांच्या मागे आहे, म्हणून मी त्यांच्या मागून जात होते. काठीची कडी वाजते ना, ती वाजली. आशाआजी, आजोबांची मान एकदम आत गेली. अजून ते उठायला लागलेसुद्धा नव्हते, नुसते बसले होते. खांदे कानांपर्यंत वर आले. हात आपोआप मागे गेले, कोपरं दुमडून, मी भिंतीपाशी करते तसेच. मी म्हटलं, आजोबा, आत्ता.

त्यांनी मागे बघितलं नाही. काठी कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या हातात. चहा उकळून गेला, तरी ते तसेच बसले. मग हळूच म्हणाले की ती तात्यांची आहे. मी तात्या कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, माझे वडील. आजोबा सोळा वर्षांचे होईपर्यंत तात्या त्यांना रोज बांधायचे, आणि आजोबांची गाठ सैल करायला कुणी नव्हतं. हे सांगताना त्यांचा आवाज रागावल्यासारखाच होता, पण मला वाटतं ते माझ्यावर रागावले नव्हते.

मला मस्कतला नको पाठवू आणि विरारला पण नको. तू रविवारी ये. आजोबा नको म्हणालेत, पण त्यांनी आज वाण्याकडून सुरण आणलाय आणि तो ते खात नाहीत, तूच खातेस. आल्यावर आधी भांडू नका, आधी जेवा.

काठी मी माळ्यावर नाही टाकली. दुसरीकडे लपवली आहे. आज सकाळी मी आजोबांना ती जागा सांगायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले की कुठे ठेवलीस ते मला कधीच सांगू नकोस, मी विचारलं तरी.

माझ्यावर आहे तेवढंच प्रेम आजोबांवर पण कर, थोडं कमी चालेल.

तुझी,
अनुष्का